नवं कार्ड बसवूनही एफपीएस वाढत नाही? सीपीयू-जीपीयूची जोडी तपासण्याची क्रमवार पद्धत

पाच-सहा वर्षं जुना सीपीयू (संगणकाचा मुख्य प्रोसेसर), त्याच्या जोडीला पंचवीस-तीस हजारांचं नवं ग्राफिक्स कार्ड, आणि गेममध्ये फरक जेमतेम. मग दोष कार्डाला, ड्रायव्हरला, नाहीतर दुकानदाराला. बहुतेक वेळा चूक क्रमाची असते: आधी खरेदी, नंतर मोजमाप. खाली तोच क्रम उलटा लावला आहे. आधी मोजा, मग फुकटचे उपाय करा, आणि त्यानंतरही गरज उरली तरच पाकीट काढा.

एवढं मात्र डोक्यात पक्कं असू द्या. प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रासाठी, सीपीयू तयारी करतो: कोण कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, पडद्यावर काय काय दिसणार. जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरची मुख्य चिप, ते चित्र रंगवतो. एकजण पोळ्या लाटतोय आणि दुसरा भाजतोय. तवा कितीही मोठा आणला तरी लाटणाऱ्याचा वेग तोच राहतो. एफपीएस म्हणजे दर सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम. ६० एफपीएससाठी दोघांकडेही एका फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद असतात, १४४ साठी फक्त ६.९. ज्याला जास्त वेळ लागतो, त्याच्या वेगाने गेम चालतो.

रिझोल्यूशनचा भार जवळजवळ सगळा जीपीयूवर पडतो. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, आणि ४के म्हणजे ८२.९ लाख. सीपीयूला मात्र यातलं काहीही असलं तरी काम तेवढंच. त्यामुळे १०८०पीला विजोड ठरणारी जोडी ४केला व्यवस्थित चालू शकते. 'या सीपीयूबरोबर हे कार्ड चालेल का?' हा प्रश्न गेम, रिझोल्यूशन आणि हवा असलेला एफपीएस सांगितल्याशिवाय अर्धवटच असतो. दोन नावं टाकली की 'बॉटलनेक (अडथळा) २३ टक्के' असा आकडा देणारे ऑनलाइन कॅल्क्युलेटर यातलं काहीच विचारात घेत नाहीत. त्यांच्याकडे वळूच नका.

## टप्पा १: ध्येय लिहून काढा

कागदावर तीन गोष्टी लिहा: तुम्ही खरोखर खेळता ते दोन-तीन गेम, मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि हवा असलेला एफपीएस. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये १४४ किंवा २४० हवे असतील, तर सीपीयूची परीक्षा आहे. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून प्रतिबिंबं-सावल्या दाखवणं) लावून ६० ला खेळायचा असेल, तर पहिला ताण कार्डावर येईल. दोन्ही हवं असेल तर दोन्ही लिहा. दोन्हींची उत्तरं वेगळी निघतील.

तपासा: मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्येच आहे ना? मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावलेल्या केबली मी जेवढ्या पाहिल्या आहेत, तेवढ्या पाहायला नको होत्या. त्यानंतर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) पाहा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर चालवणारे लोक आहेत.

## टप्पा २: मोजमापाची मांडणी

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारा रिव्हाट्यूनर सर्व्हर एवढं पुरेसं आहे. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. डाउनलोड अधिकृत साइटवरूनच करा, कारण या सॉफ्टवेअरच्या नावाने व्हायरस वाटणाऱ्या नकली साइट निघालेल्या आहेत.

सेटिंगमधल्या मॉनिटरिंग टॅबमध्ये पुढच्या गोष्टी निवडा आणि प्रत्येकीला 'ऑन-स्क्रीन डिस्प्ले'ची खूण करा:

१. फ्रेमरेट, १ टक्का लो आणि फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागलेला वेळ; हा आलेखाच्या रूपात)
२. जीपीयूचा वापर, तापमान, क्लॉक (चिपचा वेग) आणि व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी)
३. सीपीयूचा प्रत्येक थ्रेड वेगवेगळा (थ्रेड म्हणजे सीपीयूमधली कामाची एक रांग), तापमान आणि क्लॉक
४. एकूण रॅम

तिसऱ्या ओळीतला 'प्रत्येक थ्रेड वेगवेगळा' हा भाग लोक हमखास गाळतात आणि तिथेच फसतात. १२ थ्रेडच्या सीपीयूवर गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण दमलेला असेल, तरी तो एकटा एकूण वापरात ८ टक्केच भर घालतो. बाकीचे थ्रेड हलकं काम करत असतील, तर टास्क मॅनेजर ३५-४० टक्के दाखवतो आणि माणूस म्हणतो, 'सीपीयू तर निवांत आहे!' शिवाय विंडोज एकच काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं. त्यामुळे दमलेला थ्रेड एका जागी १०० वर दिसेलच असंही नाही. म्हणून निकाल सीपीयूच्या टक्क्यावरून लावायचा नाही. तो जीपीयूच्या टक्क्यावरून लावायचा.

मोजण्याआधी व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग), गेममधली एफपीएसची मर्यादा, ड्रायव्हरमधली मर्यादा आणि फ्रेम जनरेशन (कार्डाने मधल्या जादा फ्रेम बनवण्याची सोय) बंद करा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि परफॉर्मन्स मोड निवडा. ब्राउझर, डाउनलोड आणि आफ्टरबर्नर सोडून बाकीचे ओव्हरले (गेमवर दिसणाऱ्या पट्ट्या) बंद ठेवा.

इशारा: व्ही-सिंक चालू ठेवून मोजलंत, तर सीपीयू आणि जीपीयू दोघेही अर्धवट वापरात दिसतील आणि एफपीएस मॉनिटरच्या रिफ्रेश रेटवर (६० हर्ट्झला ६० वर) खिळलेला राहील. तो दोष नाही, ती तुम्हीच घातलेली मर्यादा आहे.

## टप्पा ३: दोन चाचण्या, दोन आकडे

ठिकाण निवडताना रिकामी खोली किंवा मेनू नको. गर्दीचा चौक, मोठी चकमक, वेगाने गाडी चालवण्याचा रस्ता अशी जागा घ्या, कारण सीपीयू तिथेच दमतो. गेममध्ये बेंचमार्क असेल तर उत्तमच. शॅडो ऑफ द टूम रेडरचा बेंचमार्क तर किती टक्के वेळ जीपीयूमुळे गेम अडला, हे थेट सांगतो.

पहिली चाचणी. तुमच्या नेहमीच्या सेटिंगवर दहा-पंधरा मिनिटं खेळा. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं सोडून द्या, कारण तेव्हा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात आणि झटके बसतात. सरासरी एफपीएस, १ टक्का लो आणि जीपीयूचा वापर टिपून ठेवा. १ टक्का लो म्हणजे सर्वांत संथ फ्रेम्सवरून काढलेला आकडा. हाताला जाणवणारा अडखळा सरासरीत दिसत नाही, इथे दिसतो.

दुसरी चाचणी. बाकी काहीही न बदलता फक्त रिझोल्यूशन खाली आणा. १०८०पीवरून ७२०पी करा, किंवा डीएलएसएस वा एफएसआर (कमी पिक्सेलवर रंगवून चित्र मोठं करणाऱ्या सोयी) सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवा. तीच जागा, तोच खेळ. या वेळी मिळालेला एफपीएस हीच त्या गेममध्ये, त्या सेटिंगवर तुमच्या सीपीयूची कमाल मर्यादा. या आकड्याभोवती गोल करा, कारण खरेदीचा सगळा हिशेब त्यावरच चालणार आहे.

इशारा: दुसऱ्या चाचणीत ग्राफिक्सचं प्रीसेट 'लो' करू नका. गर्दी, सावल्या आणि दूरवरचं दृश्य कमी झालं की सीपीयूचं कामही हलकं होतं, आणि मर्यादा आहे त्यापेक्षा मोठी दिसते. इथे कमी करायचे ते पिक्सेल, बाकी काही नाही.

निकाल असा वाचा. जीपीयू ९५ ते ९९ टक्के आणि रिझोल्यूशन उतरवल्यावर एफपीएस भरपूर वाढला, तर अडथळा कार्ड आहे. ही निरोगी अवस्था आहे, घाबरण्यासारखं काही नाही. जीपीयू ५०-७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि रिझोल्यूशन उतरवूनही एफपीएस जागचा हलला नाही, तर अडथळा सीपीयूच्या बाजूला आहे. 'बाजूला' म्हणतोय, कारण त्या बाजूला रॅमही येते. बऱ्याचदा खरा गुन्हेगार तीच असते.

सरासरी चांगली, जीपीयूही भरलेला, पण मधूनच जोरदार झटके? मग व्हीरॅम आणि रॅम पाहा. ८ जीबीच्या कार्डावर अल्ट्रा टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) लावले की काही नव्या गेममध्ये व्हीरॅम ओसंडतो आणि डेटा पीसीआयईमधून (कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या वाटेने) सिस्टिमच्या रॅममध्ये ये-जा करू लागतो. हे झटके सीपीयूच्या झटक्यांसारखेच वाटतात. टेक्स्चर एक पायरी खाली आणून पाहा. झटके थांबले तर सीपीयू निर्दोष.

## टप्पा ४: सीपीयू बदलण्याआधी हे पाच तोतये पकडा

पुढची पाचही कारणं वरच्या चाचणीत 'कमजोर जोडी'सारखीच दिसतात, आणि बहुतेकांवरचा उपाय फुकट किंवा स्वस्त असतो. याच क्रमाने जा.

एकच रॅम स्टिक. असेंबल करताना 'नंतर दुसरी टाकू' म्हणून १६ जीबीची एकच स्टिक बसवली जाते. ते 'नंतर' येतच नाही. सिंगल चॅनलमध्ये रॅमची बँडविड्थ निम्मी राहते आणि सीपीयू डेटाची वाट पाहत बसतो. तशीच दुसरी स्टिक घ्या. चार स्लॉट असतील तर सीपीयूकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये खातरजमा करा.

एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं प्रोफाइल) बंद. ३२००ची डीडीआर४ रॅम घेतली तरी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोफाइल चालू केल्याशिवाय ती अनेकदा २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग दिसतो. रायझनच्या जुन्या पिढ्यांना हे विशेष झोंबतं, कारण सीपीयूच्या आतल्या जोडरस्त्याचा वेग रॅमच्या वेगाला बांधलेला असतो.

उष्णता. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या वर असते, त्यात कॅबिनेट भिंतीला चिकटलेलं आणि जाळीवर धुळीचा थर. गेम सुरू करताना सीपीयूचा क्लॉक टिपा आणि वीस मिनिटांनी पुन्हा पाहा. रायझन ५ ५६०० ची तापमानमर्यादा ९० अंश आहे, इंटेलच्या १२व्या पिढीची १००. तिथपर्यंत तापमान पोहोचलं आणि क्लॉक घसरला, तर गरज थर्मल पेस्टची आणि साफसफाईची आहे. सीपीयू बदलायला धावू नका.

पीसीआयईच्या लेन, म्हणजे त्या वाटेचे पदर. यावर जरा थांबू, कारण सेकंडहँड बाजारात लोक इथे सगळ्यात जास्त फसतात. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला फक्त चार लेन आहेत. पीसीआयई ४.० बोर्डावर ते ठीक चालतं, ३.० बोर्डावर ती वाट निम्मी होते. त्यात व्हीरॅम ४ जीबीच, म्हणजे वाटेवरची ये-जा जास्त. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० यांना आठ लेन आहेत; जुन्या बोर्डावर त्यांचं नुकसान सहसा थोडंसंच होतं. सीपीयूचं नावही इथे दगा देतं. रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे पीसीआयई ३.० वाले आणि १६ एमबी एल३ कॅशचे (सीपीयूमधली वेगवान मेमरी) आहेत, तर ५६०० हा ४.० वाला आणि ३२ एमबीचा. नावात शंभराचा फरक, पण गेममध्ये अंतर चांगलंच जाणवतं.

तपासा: जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये 'बस इंटरफेस' पाहा. कार्ड निवांत असताना वीज वाचवण्यासाठी खालची पिढी दाखवतं, म्हणून शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवा आणि मगच वाचा. सोळा लेनचं कार्ड चार लेनवर दिसलं, तर ते बहुधा खालच्या स्लॉटमध्ये बसवलंय.

रिसायझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बायोसमधली सुविधा) बंद. इंटेल आर्क कार्ड असेल तर ही सुविधा जवळजवळ अनिवार्यच समजा. आर्क बी५८० पैशांच्या मानाने छान कार्ड आहे, पण जुन्या सीपीयूवर त्याच्या ड्रायव्हरचं ओझं जड पडतं. रायझन ५ २६०० च्या जोडीला ते घेणं म्हणजे स्वतःहून विजोड लग्न लावणं.

हे पाचही झाल्यावर टप्पा ३ पुन्हा करा. आकडे बदलले असतील, तर गोल केलेला जुना आकडा खोडून नवा लिहा.

## टप्पा ५: सेटिंगने तोल साधा

कार्ड अडत असेल तर उपाय बहुतेकांना ठाऊक असतो: अपस्केलिंग (डीएलएसएस, एफएसआर) चालू करा, व्हॉल्युमेट्रिक धुकं, ॲम्बियंट ऑक्लूजन आणि रे ट्रेसिंग कमी करा.

सीपीयू अडत असेल तेव्हा मात्र बहुतेक जण नेमकं हेच करतात आणि वैतागतात. डीएलएसएस 'क्वालिटी' लावलं की १४४०पीचं चित्र आतून १७०७ बाय ९६० वर रंगवलं जातं. याने कार्ड मोकळं होतं, सीपीयूला काडीचाही आराम मिळत नाही. अशा वेळी गर्दीची घनता, दृश्याचं अंतर, सावल्यांचं अंतर आणि भौतिकीच्या सेटिंग खाली आणा. रे ट्रेसिंगही बंद करून पाहा. त्याची तयारी सीपीयूलाही करावी लागते, हे फारसं कुणी सांगत नाही.

यानंतर एफपीएसला मर्यादा घाला. सरासरी ९५ आणि १ टक्का लो ७२ असेल, तर रिव्हाट्यूनरमध्ये ७५ ची मर्यादा लावा. आकडा उतरतो, पण फ्रेमटाइमची रेघ सपाट होते आणि खेळ कितीतरी मऊ वाटतो. कार्डात ताकद उरलीच आहे, तर ती रिझोल्यूशन आणि टेक्स्चरवर खर्च करा. जीपीयूचा वापर ९० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत चित्र सुंदर करत जा. सीपीयूला त्याची झळ लागत नाही.

फ्रेम जनरेशन सीपीयू अडलेला असतानाही पडद्यावरच्या फ्रेम वाढवतं, हे खरं. पण त्या मधल्या फ्रेम सीपीयूने तयार केलेल्या नसतात. माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मूळ वेगाचाच राहतो, किंबहुना थोडा उशिरा येतो. गोष्टीच्या गेममध्ये, मूळ ५०-६० एफपीएस मिळत असतील, तर जरूर वापरा. स्पर्धेच्या शूटरमध्ये नको.

## टप्पा ६: खरेदीचा हिशेब

आता तो गोल केलेला आकडा काढा. ग्राफिक्स कार्डाच्या परीक्षणात परीक्षक मुद्दाम सर्वांत वेगवान सीपीयू वापरतात, म्हणजे कार्डाची स्वतःची मर्यादा दिसावी. सीपीयूच्या परीक्षणात उलट: सर्वांत मोठं कार्ड आणि रिझोल्यूशन १०८०पी. 'असं कोण खेळतं?' अशी टीका दर वेळी होते, पण सीपीयूची मर्यादा मोजायची दुसरी रीतच नाही.

तुम्हाला मिळणारा एफपीएस म्हणजे या दोन मर्यादांपैकी जी लहान, साधारण ती. उदाहरण घ्या: तुमच्या सीपीयूची मर्यादा ९०. एक कार्ड तुमच्या रिझोल्यूशनला ८५ देतं, दुसरं १४०. दोन्हींमध्ये तुम्हाला मिळणारा फरक पाच फ्रेमचा, पंचावन्नचा नाही. महागडं कार्ड तेव्हाच घ्या, जेव्हा सीपीयू बदलण्याचे पैसेही बाजूला आहेत किंवा मॉनिटर १४४०पी-४केचा होणार आहे. परीक्षणातली सेटिंग तुमच्यासारखीच आहे ना, हे मात्र बघा.

एएम४ (रायझनचं एक सॉकेट) बोर्डवाले नशीबवान. बी४५० बोर्डवर रायझन ५ २६०० चालवणाऱ्याला नवा बोर्ड आणि नवी रॅम लागत नाही. बायोस अद्ययावत करून ५६०० बसवला की काम होतं. ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी योग्य भावात मिळाला तर आणखी छान. त्यांच्या ९६ एमबी एल३ कॅशचा फायदा सीपीयूवर अडणाऱ्या गेमनाच सर्वाधिक होतो. इंटेलच्या जुन्या बोर्डांवर एवढी लांब उडी सहसा मिळत नाही. तिथे बोर्ड, सीपीयू आणि रॅम असा एकत्र खर्च धरा.

लॅमिंग्टन रोडला आणि ऑनलाइन बाजारात ऑफिसमधले जुने टॉवर स्वस्तात मिळतात: चौथ्या पिढीचा आय५, चार थ्रेड, डीडीआर३ रॅम. त्यात नवं कार्ड घालून गेमिंग पीसी करायचा मोह होतो. आवरा. चार थ्रेडवर आजच्या मोठ्या गेममध्ये १ टक्का लो कोसळतो. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बहुधा कमी वॅटचा असतो आणि त्याचे कनेक्टरही कंपनीचे स्वतःचे, म्हणून बाजारातला दुसरा थेट बसत नाही. शिवाय विंडोज ११ ला हे सीपीयू अधिकृतपणे चालत नाहीत, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

तपासा: कार्डाला लागणारी वीज. स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत मिळते, सहा पिनच्या कनेक्टरमधून ७५, आठ पिनमधून १५०. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, तरी कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. स्वस्त एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या ओळीत किती वॅट आहेत ते वाचा, खोक्यावरचा मोठा आकडा नाही.

## टप्पा ७: बदलताना क्रम चुकवू नका

१. मदरबोर्ड कंपनीच्या पानावर सीपीयूची यादी उघडा. तुमच्या बोर्डाच्या नेमक्या मॉडेलचं आणि आवृत्तीचं पान हवं. नव्या सीपीयूसमोर बायोसचा जो क्रमांक असेल, तो किंवा त्याच्या पुढचा लागेल.

२. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, तर रिकव्हरी की लिहून ठेवा आणि ते तात्पुरतं थांबवा. बायोस किंवा सीपीयू बदलला की टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) नोंद बदलू शकते आणि संगणक सुरू होताना की मागतो. ती नसेल तर डेटा गेला.

३. जुना सीपीयू बसलेला असतानाच बायोस अद्ययावत करा. आधी नवा बसवला आणि पडदा काळाच राहिला, तर पुन्हा जुना बसवावा लागतो. हे काम यूपीएसवर करा. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

४. रायझनचा कूलर काढण्याआधी पंधरा मिनिटं गेम चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग बंद करून, प्लग काढून, कूलर हलकेच फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर एएम४ चा सीपीयू सॉकेटमधून कूलरला चिकटून येतो आणि पिना वाकतात.

५. बायोस अद्ययावत केल्यावर जुन्या सेटिंग पुसल्या जातात. नवा सीपीयू बसवून झाल्यावर एक्सएमपी आणि रिसायझेबल बार पुन्हा चालू करा. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी टीपीएम आणि सिक्युअर बूटही पाहावं, कारण विंडोज ११ वर तो गेम दोन्ही मागतो.

६. कार्डाची कंपनी बदलली असेल, तर सेफ मोडमध्ये डीडीयू या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर पूर्ण काढा आणि मग नवा टाका. नुसता सीपीयू बदलला असेल तर याची गरज नाही.

यानंतर टप्पा ३ मधल्या त्याच जागी, त्याच सेटिंगवर, त्याच दोन चाचण्या घ्या आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा. दुसऱ्या चाचणीतला आकडा हलला नसेल, तर पुन्हा टप्पा ४ वर जा; बहुधा रॅम परत २१३३ वर आलेली असते. आणि आठवडाभर सगळं स्थिर चालेपर्यंत जुना सीपीयू विकू नका.